लँकशायरचा माग, सोलापूरची मराठी

सोलापूर सोडून पुण्याच्या रस्त्याला लागले की मोहोळ तालुक्याच्या हद्दीत चिंचोळी एमआयडीसी लागते. इंजिनाचे कॅमशाफ्ट ओतणारे, रसायने आणि औषधांचा कच्चा माल तयार करणारे, कापडाच्या धंद्यातले असे नाना कारखाने इथे आहेत. पाळी बदलण्याच्या वेळेला कुठल्याही गेटपाशी साधारण असे वाक्य कानावर पडते : ‘उद्या सेकंड शिफ्टला ये, हजेरी लाव, गेटपास घे आणि अ‍ॅडव्हान्सचा हिशेब पगाराच्या दिवशी मुकादमाकडून करून घे.’ बोलणारा मराठी, ऐकणारा मराठी आणि वाक्यही अस्सल मराठी. मात्र त्यातले हजेरी, हिशेब आणि मुकादम हे शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेने आलेले. पगार पोर्तुगिजांचा. गेट आणि शिफ्ट इंग्रजांच्या जुन्या गावठी बोलीतले. पास, अ‍ॅडव्हान्स आणि सेकंड हे तीन शब्द इंग्रजीने स्वतःच फ्रेंचांकडून घेतलेले.

‘सेकंड’ची गंमत पाहण्यासारखी आहे. ‘फर्स्ट शिफ्ट’मधले दोन्ही शब्द हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले. थर्डही तिचाच. पण ‘दुसरा’ या अर्थाचा स्वतंत्र शब्द त्या भाषेत नव्हता. आज ज्याचा अर्थ ‘इतर’ असा होतो, त्या ‘अदर’वरच त्यांचे भागत असे. पुढे फ्रेंच बोलणारे राजे आले आणि हा शब्द देऊन गेले. म्हणजे चिंचोळीच्या तीन पाळ्यांपैकी मधल्या पाळीच्या नावात इंग्लंडवरच्या एका परचक्राची खूण आहे.

आपल्याकडे इंग्रजीविषयी बोलताना ती जणू पहिल्यापासूनच श्रीमंत आणि सत्ताधीश भाषा होती असे गृहीत धरले जाते. इतिहास उलटा आहे. ती फार काळ पराभूतांची, शेतकऱ्या-विणकऱ्यांची भाषा होती. हे समजून घ्यायला सोलापूरसारखी जागा नाही, कारण इंग्रजीची ही कहाणी कापडाच्या धाग्याने सोलापूरपर्यंत येऊन पोचते.

रोमन फौजा पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटन सोडून गेल्या. त्यानंतर आजचे डेन्मार्क आणि उत्तर जर्मनी या भागातून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट या टोळ्या समुद्र ओलांडून तिथे येऊन वसल्या. त्यांच्या बोलींतून इंग्रजी घडली. शेत, जनावर, घर, नातेगोते यांचे शब्द त्यांचे स्वतःचे होते, आणि विणकामाचेही. लूम, यार्न, वार्प, वेफ्ट, स्पिन, वीव्ह, शटल, बीम हे सगळे त्या काळचे. तेव्हा लूम म्हणजे नुसते अवजार, कुठलेही. बीम म्हणजे झाड. शटल म्हणजे फेकून मारायचा भाला किंवा बाण. ताण्याच्या सुतांमधून धोटा सणकन जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव का पडले ते सांगावे लागणार नाही.

७९३ मध्ये उत्तरेकडच्या लिंडिसफार्न मठावर व्हायकिंगांची धाड पडली. पुढची दोन-अडीच शतके लुटारू म्हणून आलेले हे लोक शेजारी म्हणून राहिले, इंग्रजांशी लग्ने करू लागले. त्यांची भाषा इंग्रजीची चुलत बहीणच. एग, स्काय, विंडो, नाइफ, लॉ हे शब्द त्यांचे. इतकेच काय, ‘ते’ या अर्थाचे ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांचे. सर्वनाम उसने घेणे ही साधी उसनवारी नाही. स्वयंपाकघरापर्यंत मिसळल्याशिवाय ते होत नाही. जुन्या इंग्रजीत मराठीसारखी तीन लिंगे होती आणि नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत. दोन जवळच्या भाषा बोलणारी माणसे एकमेकांना समजून घेऊ लागली तेव्हा हे प्रत्यय घासले गेले, आणि पुढच्या काही शतकांत नामांचे लिंग नाहीसेच झाले.

मग १०६६ साल उजाडले. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्रजांचा राजा हॅरल्ड याला हरवले. जमिनी, गढ्या, मठ नव्या सरदारांकडे गेले. दरबार, न्यायालय आणि सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच, धर्मपीठात आणि दप्तरात लॅटिन. इंग्रजी उरली ती नांगरामागे, चुलीपुढे आणि मागावर. तीनशे वर्षे हीच स्थिती होती. या काळात हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. जज, ज्युरी, कोर्ट, पार्लमेंट, रेंट, टॅक्स हे त्यांतले अगदी ठळक.

एखादी भाषा तीनशे वर्षे राज्यकर्त्यांच्या भाषेखाली राहिली तर संपायला हवी. इंग्रजी संपली नाही. सामान्य माणसाने ती सोडली नाही, आणि फ्रान्सशी शंभर वर्षे चाललेल्या युद्धामुळे वरच्या वर्गालाही फ्रेंच परकी वाटू लागली. १३४८ च्या प्लेगाने मजूर इतके कमी केले की उरलेल्यांची आणि त्यांच्या बोलीची किंमत वाढली. मग १३६२ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या पार्लमेंटने एक कायदा केला. त्याचे म्हणणे साधे होते : या राज्यातल्या लोकांना फ्रेंच कळत नाही, त्यामुळे न्यायालयात आपल्या बाजूने काय बोलले जाते आणि विरुद्ध काय बोलले जाते हे त्यांना समजत नाही, म्हणून यापुढे खटले इंग्रजीत चालावेत. हा कायदा लिहिला गेला फ्रेंचमध्येच, आणि खटल्याच्या नोंदी लॅटिनमध्ये ठेवाव्यात असे त्यातच म्हटले होते. लगेच सगळे बदलले असेही नाही. वकिलांच्या तोंडची फ्रेंच जायला आणखी खूप वर्षे लागली. पण दिशा ठरली. आणि जज, ज्युरी, कोर्ट हे शब्द फ्रेंच म्हणून कोणी हाकलले नाहीत. शब्द फ्रेंचच राहिले, वाक्य मात्र इंग्रजी झाले. इंग्रजीच्या साऱ्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. त्याच्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

इंग्लंडमध्ये १४७६ साली पहिला छापखाना काढणारा विल्यम कॅक्स्टन मूळचा कापडाचा व्यापारी. परदेशी बाजारपेठांत त्याची उमेदीची वर्षे गेली. १४९० च्या एका पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो एक किस्सा सांगतो. काही व्यापारी टेम्स नदीतून समुद्राकडे निघाले होते, वारा पडला म्हणून काठावर उतरले. त्यांतल्या एका कापडवाल्याने एका घरी जाऊन अंडी मागितली. त्याने वापरलेला शब्द ‘एग’, व्हायकिंगांचा. घरधनीण म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हते. शेवटी सोबतच्या माणसाने जुना इंग्रजी शब्द वापरला तेव्हा तिला कळले. कॅक्स्टनचा प्रश्न होता : मी छापायचे कोणत्या इंग्रजीत? मोहोळ, मंगळवेढा आणि अक्कलकोट यांच्या मराठीत पावलोपावली फरक ऐकणाऱ्याला त्याची अडचण वेगळी समजावून सांगायला नको. छापखान्याने हळूहळू लंडनची इंग्रजी प्रमाण केली आणि ‘एग’ जिंकला.

सोळाव्या शतकात विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीकमधून शब्द आणण्याचा सपाटा लावला तेव्हा विरोधही झाला. केंब्रिजचा विद्वान जॉन चीक याने १५५७ मध्ये लिहिले की आपली भाषा निर्मळ आणि अमिश्र राहावी, उसने शब्द घेऊन ती कर्जबाजारी होऊ नये. ज्या वाक्यात त्याने हे लिहिले त्यातही फ्रेंच-लॅटिन मुळाचे शब्द आहेत. दोनशे वर्षांनी, १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत, सॅम्युअल जॉन्सननेही भाषांतरकारांमुळे इंग्रजी फ्रेंचची एक बोली होऊन बसेल अशी भीती घातली. या तक्रारींनी उसनवारी थांबली नाही. कारण तोवर ती व्यापाऱ्यांच्या हातात गेली होती.

३१ डिसेंबर १६०० रोजी ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली. १६१३ मध्ये जहांगीरच्या फर्मानाने सुरतेला तिची वखार पक्की झाली. ती मसाल्यांच्या मागे आली होती, पण पैसा कापडात आहे हे तिच्या लवकरच लक्षात आले. सुती कापड इंग्लंडात नवलाईचे होते. तिथली माणसे लोकर आणि जवसाच्या धाग्याचे कापड वापरत. धुऊन रंग न जाणारे, हलके, स्वस्त कापड त्यांनी पाहिलेच नव्हते. माल गेला आणि मालाबरोबर त्याची नावे गेली. मलबारच्या कालिकत बंदरावरून कॅलिको. आपण ज्याला चीट म्हणतो त्या छींटेवरून चिंट्झ. मुळात तो अनेकवचनी ‘चिंट्स’ होता, इंग्रजांनी एकवचनी समजून घेतला आणि तसाच रूढ केला. गोणीवरून गनी. बांधणीवरून बंदाना. शाल, पायजमा, कमरबंद, आणि फारसी खाक म्हणजे मातीवरून खाकी. डंगरी हे जाडेभरडे कापड. मुंबईच्या डोंगरी भागाशी त्याचे नाव जोडले जाते. मराठीने स्वतःहून दिलेला एक शब्दही जाता जाता सांगतो : मुंगूस. तो पोर्तुगिजांच्या तोंडून इंग्रजीत गेला आणि तिथे मॉंगूस झाला. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू मंडळींनाही त्यांच्या भाषेतला घुशीसाठीचा पंदिकोक्कु इंग्रजीत बॅंडिकूट होऊन बसलेला सापडेल.

अशा शब्दांचा ढीग इतका वाढला की १८८६ मध्ये हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांना त्यांचा जाडजूड कोश काढावा लागला. त्याचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’, आणि हे नावही मोहरमच्या ‘या हसन, या हुसेन’ या घोषाचे गोऱ्या शिपायांनी केलेले रूप.

पण या शब्दांमागे सुखाचीच गोष्ट नाही. हिंदुस्थानी कापडाने इंग्लंडचे विणकर हवालदिल झाले. १७०० मध्ये पार्लमेंटने छापील कॅलिकोची आयात बंद केली, १७२१ मध्ये ते वापरण्यावरही बंदी आली. माल अडवला, नावे मात्र लोकांच्या तोंडी राहिली. त्या बंदीच्या आडोशाला लँकशायरचा सुती धंदा वाढला. जॉन केचा धावता धोटा १७३३ चा, कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा. एकोणिसाव्या शतकात लँकशायरचे गिरणी कापड उलट हिंदुस्थानात येऊन कोसळले आणि इथले हातमाग मोडू लागले. कापडाला ज्यांनी नावे दिली त्यांच्याच घरात परके कापड आले.

सोलापूर या साखळीत कसे आले ते थोडक्यात असे. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने पेशव्यांच्या सैन्याकडून सोलापूरचा किल्ला घेतला. १८६० मध्ये रेल्वे सोलापुरात पोचली. आसपासचा कापूस मुंबईला जाऊ लागला आणि मुंबईचे भांडवल इकडे येऊ लागले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात हा जिल्हा होरपळत होता. १८७७ मध्ये मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी सुरू केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल चालू झाली. पुढे नरसिंगगिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या निघाल्या आणि पहिली ‘जुनी मिल’ झाली. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकच्या बाजूचे लिंगायत, दुष्काळाने उठलेले मराठी कुणबी एका भोंग्यावर कामाला जाऊ लागले. त्या काळी हिंदुस्थानातल्या गिरण्यांची यंत्रे बहुतेक लँकशायरहून येत, आणि यंत्राबरोबर त्याच्या भागांची नावे येत.

इथे मला गिरणीचे दोन मजले दिसतात. यंत्रखात्यात जे शब्द रुजले ते पाहा : लूम, शटल, बीम, रीड, स्पिंडल, स्पिनिंग, वीव्हिंग, वार्पिंग, वाइंडिंग. जवळजवळ सगळे जुन्या सॅक्सन शेतकऱ्या-विणकऱ्यांचे. बॉबिनसारखा एखादा फ्रेंच. आता गिरणीच्या ऑफिसात चला : कंपनी, एजंट, मॅनेजर, डायरेक्टर, कॉन्ट्रॅक्ट, नोटीस, फाइन, बोनस, पेन्शन. सगळे फ्रेंच, लॅटिन किंवा इटालियन मुळाचे. १०६६ मध्ये इंग्लंडात राबणारा आणि राज्य करणारा यांच्यात जी भाषेची भिंत पडली, ती आठशे वर्षांनी जशीच्या तशी सोलापूरच्या गिरणीत उभी राहिली. मागावरच्या माणसाने हात चालवणारांचे शब्द उचलले, हुकूम सोडणारांचे शब्द त्याला नोटीस बोर्डावर भेटले.

शहरातल्या चादरीच्या मागावर आणखी एक शब्द आहे, जॅकार्ड. मागाच्या डोक्यावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथे भोक असेल तिथली सुई आत जाते आणि तिच्याशी बांधलेली ताण्याची सुते वर उचलली जातात. भोक नसेल तिथली सुते खाली राहतात. धोटा मधून जातो, आणि चादरीवर मोर किंवा फूल एकेक ओळ करत उमटते. हे यंत्र फ्रान्समधल्या ल्यों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केले. ल्योंच्या या माणसाचे आडनाव सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड बोलणारे विणकर रोज घेतात.

मराठीला हा अनुभव नवा नव्हता. ज्ञानेश्वरी १२९० ची, तीत फारसी जवळजवळ नाही. १३४७ मध्ये बहमनी राज्य झाले, पुढे सोलापूरच्या किल्ल्यासाठी आदिलशाही आणि निजामशाही पिढ्यान् पिढ्या भांडत राहिल्या, आणि दप्तराची भाषा फारसीने भरून गेली. सोळाव्या शतकात एकनाथांनी देवाच्या दरबाराला उद्देशून ‘अर्जदस्त’ लिहिली ती दप्तरी फारसी शब्दांनीच. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. सुमारे १,४०० फारसी-दख्खनी दप्तरी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले आहेत. इतिहासाचार्य राजवाडे यांनी तीन काळांतली पत्रे घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात शंभरातले पंच्याऐंशी शब्द फारसी निघाले, १७२८ च्या पत्रात अवघे सहा. तीन पत्रांवरून साऱ्या भाषेचा निवाडा करता येत नाही हे खरे; पण राज्य कोणाचे यावर दप्तराचा शब्द ठरतो, हे त्यातून दिसते. तरीही हजेरी, हिशेब, मुकादम, कामावर रुजू, सुरू, बंद यांना कोणी हलवू शकले नाही. ते दप्तरातून उठून हातात आले होते.

किनाऱ्यावरून पोर्तुगीज शब्द आले : पगार, चावी, घमेले, लिलाव, तुरुंग, पाव, बटाटा. दक्षिणेकडून तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा त्याआधीच आले होते. इंग्रज येईपर्यंत मराठीला पाहुणे शब्द रांधून खायची सवय झालेली होती. मंजूर करणे, कबूल होणे ही जी युक्ती तिने फारसीसाठी शोधली, तीच आज चिंचोळीत चालते : बॅच रिजेक्ट केली, मशीन ट्रिप झाले. इंग्रजीने आपली लिंगे गमावली. मराठीने तिच्या शब्दांना लिंगे दिली. बोनस तो झाला, शिफ्ट ती, मशीन ते. ‘जुनी मिल’ या नावातल्या ‘जुनी’मध्ये मराठी व्याकरण ठाम उभे आहे.

विसाव्या शतकात भाषाशुद्धीची दुसरी लाट आली. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी दिनांक, महापौर, चित्रपट, हुतात्मा असे शब्द घडवले किंवा रूढ केले. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश करणारे, स्वतः फारसीचे प्राध्यापक असलेले माधव जूलियनही पुढे याच विचाराकडे वळले. या चळवळीचे यश आणि अपयश सोलापूरच्या एकाच घटनेत सापडते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, गोळीबार झाला आणि इंग्रजांनी शहरावर लष्करी कायदा लादला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यात फाशी दिले. सोलापूरकर त्या दिवसांना आजही ‘मार्शल लॉ’च म्हणतात. जुलमाचे नाव जुलूम करणाऱ्याच्या भाषेत राहिले. आणि त्या चौघांना ते ‘हुतात्मे’ म्हणतात. शहीद किंवा मार्टर हे शब्द तिथे कोणाच्या मनात येत नाहीत. घडवलेला शब्द टिकला, कारण त्यात भरायला चार माणसांचे आयुष्य होते. सोलापूरहून पुण्याला जाणारी गाडी ‘हुतात्मा एक्सप्रेस’ आहे, आणि तिच्या नावात दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत.

जुनी मिल १९४९ मध्ये बंद पडली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि शेअरहोल्डरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. मालमत्तेच्या हक्कावरच्या आरंभीच्या निकालांत या गिरणीचे नाव आहे. गिरण्यांचा काळ पुढे ओसरत गेला. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. सरकारने नाव चांगले मराठी दिले, लोकांनी इंग्रजी आद्याक्षरे घेतली आणि त्यांचे सामान्यनाम करून टाकले. ‘पोरगा एमआयडीसीत आहे’ हे वाक्य महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्यात कळते.

चिंचोळीच्या गेटमधून आत जाणाऱ्या एखाद्या फिटरच्या अंगात निळी डंगरी असते. हा शब्द मुंबईहून जहाजात बसून गेला, खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर जगभर फिरला आणि अंगभर घालायच्या कामाच्या कपड्याचे नाव होऊन परत आला. आत अल्कलीचे बॅरल आहेत, आणि इंग्रजीतला ‘अल्कली’ हा शब्द मुळात अरबांचा.

म्हणून चिंचोळीच्या कामगाराची मराठी ‘बिघडली’ असे कोणी म्हटले की मला ते पटत नाही. सेकंड शिफ्ट, टॉर्क, बेअरिंग म्हणणारा माणूस काही गमावत नाही. शब्दाच्या उसनवारीने भाषा मरत असती तर सर्वांत आधी इंग्रजी मेली असती. धोका दुसरीकडे आहे. नेमणुकीचे पत्र, कंत्राटाच्या अटी, रसायन अंगावर उडाले तर काय करायचे याचा तक्ता, अपघाताची नोंद, ही पुरी वाक्येच्या वाक्ये जेव्हा कामगाराच्या भाषेतून निघून जातात, तेव्हा तो १३६२ पूर्वीच्या त्या इंग्रज शेतकऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो. त्याच्याविषयी बोलले जाते आणि त्यालाच कळत नाही. आपल्याकडे हे ओळखले गेले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १०८ ने कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असल्या पाहिजेत असे बंधन घातले. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राज्याची राजभाषा झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने केला.

दर्जा मिळाला याचा आनंद मलाही आहे. पण चिंचोळीत काम करणाऱ्या, तिथे कारखाना चालवणाऱ्या किंवा तिथे मुलगा-मुलगी पाठवणाऱ्या वाचकाला माझे एक सांगणे आहे. उद्या गेटच्या आत गेल्यावर व्हॉल्व्हपाशी, पॅनेलपाशी, रसायनाच्या टाकीपाशी लावलेला तक्ता वाचा. त्यात व्हॉल्व्हला व्हॉल्व्हच म्हणा, झडप शोधत बसू नका. पण ‘आधी काय बंद करायचे, मग काय, आणि कोणाला हाक मारायची’ हे मराठीत लिहिले आहे का ते पाहा. इथे तेलुगू, कन्नड, हिंदी बोलणारे आहेत, त्यांच्यासाठीही लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर व्यवस्थापकाकडे ते मागा, आणि व्यवस्थापक तुम्ही असाल तर या आठवड्यात ते लावा.